काजळ लावलेली अंडी

कोंबडी खुडूक झाली की तिचा आवाज बदलतो. ती घशातल्या घशात बोलते, पिसं फुलवून कोपऱ्यात बसते आणि हात घातला की चोच मारते. आमच्या आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, मलाही खुडूकच म्हणायच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा माझ्या तोंडून दिवसभरात शब्द निघाला तर निघाला. पाहुणे आले की मी गोठ्यात जाऊन शेण भरत बसायची. मग आत्या दारातूनच सांगायच्या, "आमची सून बसलीय खुडूक. चहा मीच ठेवते." पाहुणे हसायचे. आत्यांच्या मनात वाईट नसायचं, पण मला ते ऐकू यायचं.

आमचं रान थोडं आणि तेही माळाचं. दोन बैल, एक गाय, चार-दोन कोंबड्या. माझ्या वाट्याला किरकोळ कामं असायची. दावी वळायची, डालगं फाटलं तर तुरीच्या काड्यांनी विणून घ्यायचं, गोणपाट शिवायचं, गोवऱ्या थापायच्या, ज्वारी पाखडताना खाली पडलेली कणी पिलांसाठी वेगळी ठेवायची. अशी कामं मला आवडायची, कारण ती करताना कुणाशी बोलावं लागत नाही. कोंबड्यांचं सगळं माझ्याकडेच होतं. कुठली कधी अंडं देणार आणि कुठली कधी बसणार हे मला कळायचं. त्याचं कुणी कौतुक करावं असं त्यात काही नव्हतं. गावात सगळ्याच बायकांना ते कळतं.

ज्या साली ज्वारी गुडघ्याएवढी होऊनच वाळली, त्या सालची ही गोष्ट.

आमच्या बांधापलीकडे मेंढरं राखणाऱ्यांचं घर होतं. त्या घरातल्या बाईला मी अक्का म्हणायची. माझ्याहून मोठ्या, आवाजाने खणखणीत, सगळ्या माळाला ऐकू जाईल असं बोलणाऱ्या. त्यांच्याकडे तांबड्या कोंबड्यांचा एक वाण होता. त्यांच्या लग्नात आईने एक कोंबडी दिली होती. तिची पिलं, त्या पिलांची पिलं, असं करत तो वाण त्यांनी टिकवला होता. मेंढरं घेऊन निघायच्या तेव्हाही घोड्यावरच्या सामानात एक-दोन कोंबड्या बांधलेल्या असायच्या. आई कधीच गेली होती. माहेरी भाऊ बोलत नव्हता. तिकडचं त्यांच्याकडे राहिलेलं हे एवढंच, असं त्या स्वतःच सांगायच्या, आणि सांगताना त्यांचा आवाज तेवढ्यापुरता खाली यायचा.

त्या साली दाणा नव्हता म्हणून त्यांनी बाकीच्या कोंबड्या बाजारात दिल्या आणि एकच ठेवली. ती मुंगसाने नेली. गाडग्यात तिची अंडी तेवढी राहिली. ती पदरात घेऊन अक्का आमच्याकडे आल्या.

"तुजी बसलीय न्हवं?"

मी मान हलवली.

"मग हिच्याखाली माजी बी घाल. अर्धलीनं. आमी गंगथडीला निघालोय, तिकडं मेंढरास्नी पाला तरी हाय. आल्यावर माजी निम्मी मला दे, निम्मी तुला राखणीची."

आमच्याकडे शेळी, कोंबडी अशी अर्धलीने ठेवतात. माल एकीचा, राखण दुसरीची, जे होईल ते निम्मं. त्यासाठी कागद लागत नाही, सोसायटी लागत नाही.

"यातली एक जरी मादी निघाली ना," अक्का म्हणाल्या, "तरी माजा वाण राहिला. न्हाईतर झालंच."

माझ्या कोंबडीखाली तिची स्वतःची अंडी मी आदल्याच रात्री घातली होती. अक्कांची त्यात मिसळून ओळखू येणार नाहीत म्हणून मी चुलीतल्या कोळशाने त्यांच्या प्रत्येक अंड्यावर ठिपका दिला. कोंबडी अंडी उलथीपालथी करते, त्यात ठिपका पुसट होतो. म्हणून मी रोज ती दाण्याला उठली की ठिपके पुन्हा गडद करायची.

अक्का गेल्या आणि चारच दिवसांत आमच्या विहिरीतलं पाणी कळशी बुडेना इतकं खाली गेलं. कडबा संपला. तेवढ्यात कळलं की दूध सोसायटीने फाट्याजवळच्या मोकळ्या रानात चारा छावणी उघडली आहे. जनावरं तिथेच बांधायची, घरच्या माणसांनी तिथेच राहायचं. साखर कारखान्याकडून उसाच्या वाढ्याचे, म्हणजे हिरव्या शेंड्यांचे, ट्रॅक्टर येणार आणि टँकर रोज येणार. आमच्या ह्यांनी बैलगाडी जुंपायला घेतली.

"कोंबड्या मामाकडं सोडू," हे म्हणाले.

मी चुलीपाशी होते. बराच वेळ बोलायचं जुळवलं आणि म्हणाले, "बसलेली सोडता येत न्हाई. अंडी गार पडतील."

"पडू दे की. अंड्यापायी जनावरं उपाशी मारू का?"

मी चुलीत फुंकर घातली. आत्या उंबऱ्यावर तंबाखू मळत होत्या. त्या ह्यांना म्हणाल्या, "दुसऱ्याची ठेव हाय ती. अक्का आल्यावर तिला तू तोंड देणार का? तिचं तोंड ठावं हाय न्हवं तुला?"

हे बैल आणायला गेले. अक्कांच्या तोंडाला सगळेच भीत. मी डालग्यात भुस्सा पसरला, कोंबडी अंड्यांसकट त्यात बसवली, वर जुनं लुगडं टाकलं आणि डालगं मांडीवर घेऊन गाडीत बसले. फाट्यापर्यंत रस्ता सगळा खाचखळग्यांचा. प्रत्येक हिसक्याला मी डालगं वर उचलून धरायची. आत्या म्हणाल्या, "माज्या लेकाला म्या एवढं जपलं न्हवतं." बैल हाकणाऱ्या ह्यांची पाठ हसताना हलली.

छावणीत लाकडं रोवून वर उसाचं पाचट टाकलं आणि आम्ही सावली केली. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या चेअरमनचा पुतण्या जनावरांची हजेरी घ्यायला आला. चांगला पोरगा होता, पण नवीन काम, नवा पांढरा शर्ट. त्याने बैलांच्या कानातले बिल्ले बघितले, गाईचा बघितला आणि मग त्याला डालगं दिसलं.

"हे काय?"

"कोंबडी," आत्या म्हणाल्या.

"मावशी, छावणी जनावरांची हाय. कोंबड्या न्हाई चालत हितं. हिचा बिल्ला कुटंय?"

"लाव की मग. कान हुडक तिचा आन् लाव."

आजूबाजूचे लोक हसायला लागले. पोरगाही हसला. तरी म्हणाला, "कशाला ताप देता? साहेब आले तर मला बोलतील."

आत्या आणखी काहीतरी बोलणार होत्या आणि मग ते वाढलं असतं. मी पदर पुढे ओढून म्हणाले, "ती चारा खात न्हाई. पेंड बी खात न्हाई. पिलं निघाली की बाहेर नेऊन ठेवते." परक्या पुरुषाशी एवढं मी पहिल्यांदाच बोलले असेन. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "झाकून ठेवा, ताई," आणि पुढच्या सावलीकडे गेला.

पण झाकून ठेवलेलं बघायलाच माणसं येतात. छावणीत वाढं तोडायचं, शेण काढायचं, टँकरची वाट बघायची, एवढं झालं की लोकांना काही उद्योग नव्हता. 'छावणीत कोंबडी बसवलीय' ही बातमी झाली. बायका यायच्या, लुगडं बाजूला करून बघायच्या. "अगं बया, कशी टुकटुकीत हाय." "एवढ्या उन्हात कशी दम धरून बसलीय बघ." आत्यांना ते सहन होईना. लोकांचं बोलणं लागतं, असं त्यांचं पक्कं मत होतं.

एका सकाळी मी टँकरच्या रांगेत घागर लावून उभी होते. परत आले तर आत्या डालग्यापाशी बसलेल्या. मांडीवर काजळाची डबी, अंगठा काळा.

"ये," म्हणाल्या. "तू अर्ध्यांनाच लावलं होतंस. बाकीच्यांनी काय पाप केलंय? आता समद्यांना लावलं. बघू आता कुणाची नजर लागती."

मी घागर खाली ठेवली. प्रत्येक अंड्यावर अंगठ्याएवढा काजळाचा ठसा होता. कोळशाचा ठिपका होता तिथेच बरोबर वरून लावलेला, आणि नव्हता तिथेही तसाच.

"आत्या," मी म्हणाले, "ती खूण नजरंची न्हवती. अक्काची ओळखायला केली होती."

त्यांनी डबीचं झाकण लावलं. ते नीट लागेना म्हणून पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. मग म्हणाल्या, "मला सांगायचं न्हाई का?"

मी काय सांगणार. मी कुणालाच काही सांगायची नाही. रोज अंडी हातात घेऊन ठिपके देताना त्यांनी मला बघितलं होतं, आणि ही तीट लावतेय असं समजून त्या आपल्या गप्प राहिल्या होत्या. एकमेकींना विचारायची रीतच आमच्या घरात पडली नव्हती.

ओल्या फडक्याने मी एक अंडं हलकेच पुसून पाहिलं. काजळ पसरलं आणि खालचा कोळसा त्याच्यासकट निघून आला. मग मी हात लावला नाही.

पिलं निघायला लागली ती भर उन्हात. अंडं कानाला लावलं की आतून टोकरल्यासारखं ऐकू यायचं. आत्या सारख्या विचारायच्या, "बोलतंय का?" मी अंडं त्यांच्या कानाला लावायची. त्या डोळे मिटून ऐकायच्या आणि मान हलवायच्या. एक-एक करत पिलं ओली बाहेर आली आणि आईच्या पंखाखाली सुकून कापसासारखी झाली. काही अंडी मात्र तशीच राहिली. ती हलवली की आत पाणी वाजायचं. ती नासली होती. कुणाची नासली ते कोण सांगणार? टरफलं उलटीसुलटी करून मी बघत बसले. सगळ्यांवर काजळ. पिलांच्या रंगावरूनही कळेना, कारण माझी कोंबडीही तांबडीच होती आणि आमच्या वस्तीवर कोंबडा एकच.

करवंटीत पाणी ठेवलं, कणी टाकली. चेअरमनच्या पुतण्याने येऊन बघितलं आणि खिशातून मूठभर मका काढून भरडायला दिला. "साहेबास्नी सांगू नका," एवढंच बोलला.

पाऊस झाला, छावणी उठली, आम्ही घरी आलो. एक पिलू घारीने नेलं. बाकीची वाढली. तुरे दिसायला लागले तसे कोंबडे कळले, माद्या कळल्या. अक्का येणार हे ठाऊक होतं आणि बांधापलीकडे मेंढरं ओरडली की मी हातातलं काम सोडून बघायची.

आत्या म्हणाल्या, "सांगू नको. निम्मी काढून दे. तिला काय कळतंय? कळलं तर कळलं."

मी पिलांना कणी टाकत राहिले. पण मला दिसत होतं की आत्याही तेवढ्याच घाबरल्या आहेत. अक्कांच्या तोंडाला नव्हे. गाडग्यातली अंडी पदरात घेऊन ती बाई कशी उभी होती, ते त्यांनीही बघितलं होतं.

अक्का आल्या त्या मेंढरं बांधाला लावून थेट आमच्या अंगणात. उन्हाने काळ्या पडल्या होत्या, आवाज तोच. "दाव माजी," म्हणाल्या. मी डालगं उचललं. पिलं अंगणभर पसरली. त्यांनी खाली बसून एकेक न्याहाळलं.

"यातली माजी कोंती?"

"ठाऊक न्हाई," मी म्हणाले. आणि सगळं सांगितलं. कोळसा, काजळ, नासलेली अंडी. एवढं सलग मी कधी बोलले नव्हते. मध्ये आत्या म्हणाल्या, "काजळ म्या लावलं. तिचा दोष न्हाई." आणि आत न जाता तिथेच उभ्या राहिल्या.

अक्का ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या हात गुडघ्यावर ठेवून पिलांकडे बघत राहिल्या. पिलं त्यांच्या पायातल्या वहाणांना चोची मारत होती.

"माद्या समद्या तुमी न्या," मी म्हणाले.

आत्यांनी माझ्याकडे बघितलं. "समद्या? आन् आपण काय कोंबडे राखायचे?"

"आपली म्हातारी हाय. ती बसंल पुन्यांदा. यातली एक तरी अक्काची असंलच."

अक्कांनी मान वर केली. "आन् नासली ती समदी माजीच असली तर? मग या समद्या तुज्याच."

याचा विचार मीही केला होता. रोज केला होता. "तर मग माज्या तुमच्याकडं राहतील," मी म्हणाले.

मग आत्या घरात गेल्या आणि जुन्या लुगड्याच्या चिंध्या घेऊन आल्या. एकेक मादी धरून त्या पाय बांधायला लागल्या, हलक्या हाताने, गाठ रुतणार नाही अशी. अक्का म्हणाल्या, "एवढ्या नको. एक ठेव तुला." आत्या म्हणाल्या, "ती म्हणली समद्या, तर समद्या." अक्कांनी तरी एक सोडवून परत अंगणात टाकली. आत्यांनी तीच पुन्हा धरली. शेवटी ती निसटून गोठ्यात पळाली आणि दोघींनीही तिचा नाद सोडला.

अक्कांनी बाकीच्या घोंगडीच्या खोळीत घेतल्या. जाताना मला म्हणाल्या, "बोलतीस की गं तू." बांध ओलांडून जाताना त्या खोळीत तोंड घालून कोंबड्यांशी काहीतरी बोलत होत्या. त्यांचा आवाज नेहमी माळभर ऐकू यायचा. त्या दिवशी मी कान देऊनही मला एक शब्द ऐकू आला नाही.