दिवसभर घरीच असणारा बाप

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीकडे धरला, मान तिरकी करून पाहिला आणि म्हणाले, "भाऊ, हा उजवा खुबा मेलेला आहे."

मी हसलो. दोन पायांवर चालत आलेल्या माणसाला त्याचा एक भाग परस्पर वारल्याची बातमी मिळाली तर चेहरा कसा करायचा असतो, हे मला ठाऊक नव्हतं. शेजारी बसलेली वैशाली, माझी बायको, हसली नाही.

आजाराचं नाव अ‍ॅव्हॅस्क्युलर नेक्रोसिस. हाडाला रक्त पोचत नाही आणि हाडाचा तेवढा भाग मरतो. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा, जो कमरेच्या वाटीत फिरतो, तो माझा एका बाजूने चेपला होता. चंद्रपूरच्या त्या दवाखान्यात मला ही गोष्ट वयाच्या अडतिसाव्या वर्षी कळली. दुखत मात्र दोन वर्षांपासून होतं.

दोन वर्षं मी काय करत होतो, ते सांगतो. तुमच्यापैकी कुणी तेच करत असेल, तर आजच थांबा.

मी चामोर्शीत घरी बसून लिहितो. लेखक म्हटलं की लोकांना पुस्तक आठवतं. माझं तसं काही नाही. वेबसाइटसाठी लेख, दुकानांच्या जाहिराती, निवृत्त होणाऱ्या गुरुजींची मानपत्रं, पुढाऱ्यांची भाषणं, जो जे सांगेल ते. वैशाली जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सकाळी ती डबा घेऊन निघते आणि मी गल्लीचा चौकीदार म्हणून रुजू होतो. कुणाचं सिलिंडर, कुणाचं पार्सल, कुणाची वाळत घातलेली कुरोडी, सगळं माझ्या भरवशावर. समोरच्या शेवंताबाई किल्ली ठेवून जाताना रोज म्हणतात, "भाऊ, तुमी तं घरीच असता. कामधंदा नाई, तं एवढं ध्यान ठेवा."

त्यामुळे जांघेत दुखायला लागलं तेव्हा मी खुर्चीला दोष दिला. खुर्ची बदलली. मग उशी घेतली. मग स्वतःच लिहिलेला एक लेख काढला: घरून काम करणाऱ्यांसाठी दहा व्यायाम. हा लेख मी कुठल्याही डॉक्टरला न विचारता, तसल्याच चार लेखांवरून लिहिला होता, आणि त्या चार लेखकांनी कुणाला विचारलं असेल असं मला वाटत नाही. त्यातला सहावा व्यायाम उठाबशांचा. म्हणजे मेलेल्या हाडाला मी रोज सकाळी उठाबशा काढायला लावत होतो. आणि दुखणं वाढलं की वाटायचं, चला, व्यायाम लागू पडतोय.

डॉक्टरांनी विचारलं, "दारू?"

"नाही."

"स्टेरॉइड? कुण्या गावठी डॉक्टरकडून सांधेदुखीची इंजेक्शनं घेतली का?"

"नाही."

"सिकलसेल केलं होतं कधी?"

"निगेटिव्ह आहे," मी फटकन म्हणालो.

"कार्ड हाये घरी," वैशालीने पुस्ती जोडली. "लग्नाच्या आधीचंच."

डॉक्टर म्हणाले, "तरी एकदा करून टाकू." आणि त्यांनी चिठ्ठीवर हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस असं लिहिलं. रक्तातलं हिमोग्लोबिन नेमकं कुठल्या जातीचं आहे, हे सांगणारी तपासणी. तो शब्द चिठ्ठीवर उमटत होता. वीस वर्षांपूर्वीची एक दुपार मला आठवली होती.

आमच्या या भागात सिकलसेल हा शब्द लहान पोराला समजावून सांगावा लागत नाही. तरी बाहेरच्यांसाठी सांगतो. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असतात. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकतात, नसांत अडकतात, आणि जिथे अडकतात तिथे दुखतं. हा संसर्ग नाही, आईबापाकडून येतो. एकाकडूनच आला तर माणूस वाहक. त्याला सहसा त्रास नसतो, त्याचं कार्ड पिवळं. दोघांकडून आला तर तो ग्रस्त. त्याचं लाल. काहीच नसलं तर पांढरं.

वीस वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजात सिकलसेलचं शिबिर झालं. माझं अक्षर चांगलं म्हणून सरांनी मला कार्डं भरायला बसवलं. एक बाई पोरांची बोटं टोचत होत्या, तपासणारे निकाल सांगत होते, मी लिहीत होतो. मला सुईची भीती. साधी नाही, लाज वाटावी इतकी. रांगेतली एक मुलगी भोवळ येऊन पडली, सगळे तिच्याकडे धावले. परत आल्यावर बाईंनी विचारलं, "तुझं झालं काय रे?"

"झालं," मी म्हणालो. आणि एक कोरं पांढरं कार्ड घेऊन त्यावर सुवाच्य अक्षरात स्वतःचं नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं, निगेटिव्ह.

एवढंच. कुणाला फसवायचं नव्हतं. बोट वाचवायचं होतं.

पुढे लग्न ठरायची वेळ आली. वैशालीचे मामा गोंडपिपरीला राहतात. आरोग्य खात्यात होते, खेडोपाडी फिरून तापाच्या रोग्यांचं रक्त घेण्यातच त्यांची सगळी नोकरी सरली. ते म्हणाले, "आपण पत्रिका नाई पाह्यत. पण रक्ताचा कागद पाह्यल्याबिगर मी पोरगी देत नाई. आमच्या पोरीचं कार्ड पिवळं हाये, तुमचं काय हाये ते दाखवा." मी कार्ड दाखवलं. मामांनी ते चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, "वा. अक्षर किती सुंदर हाये."

माझंच होतं. मी लाजलोसुद्धा.

तुम्ही म्हणाल, तेव्हा तरी आठवलं नाही? खरं सांगतो, तोवर मला स्वतःलाच ते कार्ड खरं वाटायला लागलं होतं. कागदावर लिहिलेलं आहे, पाकिटात आहे, दोन नोकऱ्यांच्या अर्जांना जोडलेलं आहे. पावसाळ्यात अंग ठणकायचं, डोळे पिवळे व्हायचे, आई मोहाच्या तेलाने पाय चोळायची, पण ते आमच्या घरात वात या नावाने चालत होतं.

चार दिवसांनी निकाल आला. एसएस. दोन्हीकडून, म्हणजे लाल कार्ड. डॉक्टर म्हणाले, "काही लोकांत लहान बाळाच्या जातीचं हिमोग्लोबिन मोठेपणीही जास्त उरतं. ते सांभाळून घेतं. म्हणून तुमचा आजार इतकी वर्षं मंद आचेवर राहिला. खुबा पुढेमागे बदलावा लागेल, पण आज घाई नाही. काठी वापरा, वजन टाकू नका." मग त्यांनी वैशालीकडे पाहिलं. "बाई, तुमचं?"

"पिवळं."

"मुलं?"

"एक मुलगी. अकरा वर्षांची."

"तिची तपासणी?"

"नाई केली. यांचं निगेटिव्ह होतं ना," वैशाली म्हणाली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. नवरा एसएस, बायको वाहक, तर प्रत्येक मूल एक तर वाहक होणार किंवा ग्रस्त. निम्मी निम्मी शक्यता. तिसरी वाट नाही. त्यांनी हे अगदी हळू सांगितलं, आणि मला वाटलं की ते जरा मोठ्याने, रागावून सांगतील तर बरं.

परतीची बस मूलच्या स्टँडवर थांबली तेव्हा मी वैशालीला कार्डाची गोष्ट सांगितली. सगळी. ती खिडकीबाहेर पाहत होती. चणेवाला येऊन गेला. बस सुरू झाली. चामोर्शी जवळ आली तेव्हा ती म्हणाली, "मैत्रीचं उद्याच करू."

मैत्री, आमची मुलगी. आता तिच्याबद्दल लिहायचं आहे आणि इथे मला विनोद सुचत नाही.

ती दुपारी शाळेतून येते तेव्हा घरात मी एकटाच असतो. वर्षभर ती अधूनमधून माझ्या टेबलाजवळ येऊन उभी राहायची. "बाबा, पाय दुखून राह्यले." मी स्क्रीनवरून डोळे न काढता म्हणायचो, "पाढे म्हण, थांबतील." एकदा तळ्यात पोहून आल्यावर ती दोन दिवस झोपून होती. शाळेच्या कवायतीला ती बसून राहते म्हणून सरांनी तक्रार केली, तेव्हा मी सरांची बाजू घेतली. त्याच आठवड्यात मी एका वेबसाइटला लेख दिला होता: मुलांचे बहाणे कसे ओळखावेत. उदाहरणं शोधायला लांब जावं लागलं नव्हतं. पायदुखीचं उदाहरण पहिल्या क्रमांकावर होतं.

अख्ख्या गल्लीच्या सिलिंडरांवर माझं लक्ष होतं.

मैत्रीचं रक्त दिलं. तिने बोट पुढे केलं, डोळेही मिटले नाहीत. निकालाला पुन्हा चार दिवस. पहिल्या दिवशी संध्याकाळी वैशालीने ताट वाढलं आणि विचारलं, "मामाजीले तुमी सांगता, का मी सांगू?"

मी काठी घेऊन गोंडपिपरीला गेलो. मामा अंगणात खाटेवर बसून तूर निवडत होते. मी उभ्यानेच सगळं सांगून टाकलं, कारण खाली बसलो असतो तर उठायला त्यांचीच मदत मागावी लागली असती. वाटलं होतं, हाकलतील. त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"बसा, जावईबापू."

"मामाजी, चूक माझी..."

"तुमची तं हायेच. तुमी घाबरट हा, ते मले माहीत होतं. हळदीले मुंगी चावली तं किती नाचले होते तुमी." मग त्यांनी मांडीवरची तूर झटकली. "पण मी काऊन नाई टोचलं तुमचं बोट? एटापल्लीकडच्या जंगलात पायी जाऊन लोकायचे बोटं टोचले मी. लोकं पळाले तं मागं धावलो. घरात सुई होती तवा, कपाटात. म्हटलं, जावई होऊन राह्यला, त्याच्यावर शंका कशी घ्यावी. बरं नाई दिसत."

त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ते फक्त स्वतःच्या हातांकडे पाहत होते. मी आयुष्यात खाल्लेली सगळ्यांत मोठी शिवी ती होती, आणि तिच्यात माझं नावही नव्हतं. निघताना त्यांनी मला हाताला धरून फाटकापर्यंत आणलं. म्हणाले, "निकाल आला का फोन करा. काई असलं तरी करा."

निकाल आला. एसएस.

चार दिवस मी मनातल्या मनात नुसतं वाहक, वाहक म्हणत होतो. तो शब्द किती चांगला आहे, किती सोपा. तो आम्हाला मिळाला नाही. वैशालीने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंसमोर सरळ बसली, वही उघडून, शाळेत नवीन धडा घ्यायचा असल्यासारखी.

बाईंनी मैत्रीलाच सांगितलं, आमच्याकडे न पाहता. "हायड्रॉक्सीयुरिया नावाची गोळी आहे. त्याने तुझ्या पेशी कमी वाकतील, दुखणं कमी येईल. रोज घ्यायची, आणि मधून मधून रक्त तपासायचं. फॉलिक अ‍ॅसिड, नवीन रक्त बनायला. पाणी भरपूर. थंड पाण्यात डुंबायचं नाही. ताप आला तर घरी वाट पाहायची नाही, सरळ दवाखाना. आणि पाय दुखले की लगेच सांगायचं."

मैत्रीने विचारलं, "म्हंजे पाय खरंच दुखत होते ना?"

"हो. खरंच."

"मी खोटी नव्हती बोलत ना?"

बाईंना वाटलं ती त्यांना विचारते आहे. त्या काहीतरी म्हणाल्या. पण मैत्री माझ्याकडे पाहत होती. आणि मी जे सांगतो आहे त्यावर विश्वास ठेवा: तिच्या चेहऱ्यावर आनंद होता. जन्मभराच्या आजाराचं नाव ऐकून माझ्या मुलीला आनंद झाला होता, कारण तिचं खरं निघालं होतं.

"नाही," मी म्हणालो. "तू खोटं नव्हती बोलत."

याला आता दहा महिने झाले. या काळात तिला दोनदा भरती करावं लागलं. दुसऱ्या वेळी सलाइन लावून ती तीन दिवस विव्हळली, आणि वॉर्डातल्या एका अनोळखी परिचारिकेने आपली जेवणाची सुट्टी तिचे पाय शेकण्यात घालवली. तिचं नाव विचारायचं राहून गेलं. ती हे वाचत असेल तर तिला नमस्कार. वैशाली माझ्याशी बोलते, कामाचं बोलते. कार्डाचा विषय तिने पुन्हा काढला नाही. काढेल तेव्हा मी घरीच असेन. शाळेत मैत्री कवायतीला बसून राहते, आता सर तिला पाण्याची बाटली आणून देतात.

तुमच्या घरात लग्न ठरत असेल, तर कार्ड पाहू नका, नव्याने रक्त तपासा. जावयाचं बोट टोचायला लाजू नका. बरं दिसत नाही, हे मलाही मान्य आहे.

आणि लेकरू टेबलाजवळ येऊन उभं राहिलं तर आधी स्क्रीन बंद करा. मी आता करतो. मैत्री म्हणते, "बाबा, दुखून राह्यलं," की लिहिणं असेल तिथे सोडून उठतो. खुब्यामुळे मला उठायला वेळ लागतो. काठी शोधा, टेबलाला धरा, पाय सरळ करा.

तेवढा वेळ ती थांबते.