हप्ता वाढवणाऱ्या सुमनताई

कुणाच्याही वास्तुशांतीला आल्या की सुमनताई आधी पानावर बसायच्या नाहीत. आहेराचं पाकीट हातात तसंच धरून त्या तडक घराच्या मागे जायच्या. बाकीची मंडळी फरशीचं नि तोरणाचं कौतुक करत असायची, आणि ही बाई मीटरचा खोका उघडून बघायची, गॅसची टाकी जिन्याखाली तर नाही ना म्हणून वाकायची, भिंतीवर बुक्की मारून ओल आहे का ते चाचपायची. मग पंगतीसमोर उभं राहून यजमानाला मोठ्यानं विचारायची, "वर पत्र्याला आतनं लाकूड लावलंया व्हय? आग लागली तर लय भडकंल बरं का!" झालं! लोकांच्या घशात जिलबी अडकायची.

आमच्याकडे नव्या घरात वाईट शब्द काढत नाहीत. आपण जे बोलू त्याला वास्तू 'तथास्तु' म्हणते, हे प्रत्येकाला पाळण्यातच पाजलेलं असतं. आणि सुमनताईंचा तर धंदाच वाईट शब्दांचा होता, त्या घरांचा विमा उतरवायच्या. बायका पदर तोंडाला लावून कुजबुजायच्या, "आली अपशकुनी." ताईंचे कान तिखट. त्या गर्रकन वळायच्या. "वास्तू तथास्तु म्हणती ना? मग मी म्हणते, जळलं-पडलं तर समदं भरून मिळू दे. म्हण म्हणावं तथास्तु!" मला ही बाई पहिल्या दिवसापासून आवडली. उगाच गोड बोलणाऱ्यांचा मला मुळात तिटकारा आहे.

ताई वराळ्याच्या. नवरा देहूरोडच्या लष्करी डेपोत नोकरीला होता, तो अकाली गेला आणि पदरात एक मुलगी. दिरांनी सुचवलं, शेतावर राहा, दोन वेळचं जेव आणि गप्प बस. गप्प बसणं ताईंच्या पत्रिकेतच नव्हतं. त्यांनी विम्याची परीक्षा दिली, जुनी स्कूटर घेतली आणि इरकली साडीवर पांढरे बूट चढवून तळेगावपासून खंडाळ्यापर्यंतचा सगळा भाग पालथा घातला. नवं बांधकाम दिसलं की स्कूटर थांबलीच म्हणून समजा.

आमचं घर लोणावळ्याच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याला. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, ते हौसेनं बांधलं. जागा कमी पडत होती म्हणून जेसीबी लावून मागचा डोंगर उभा कापला आणि तेवढी जमीन सपाट करून घेतली. आमच्याकडे सगळेच करतात. डोंगर काही कुणाच्या बापाचा नाही आणि तो काही बोलतही नाही! त्या कापलेल्या कडेला खेटून आबांनी स्वतःसाठी एक खोली काढली. डोंगराचा गारवा, झाडांची सावली, गाड्यांचा आवाज नाही. दुपारी जेवून तिथे ताणून देण्यात आबांचं सगळं सुख होतं. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या मी शनिवार-रविवारच्या पर्यटकांना द्यायचं ठरवलं होतं.

वास्तुशांतीच्या दिवशी ताई आल्या आणि मागे जाऊन आल्या. मी मनात म्हटलं, आता फुटतोय फटाका. पण त्या दिवशी त्या मोठ्यानं बोलल्या नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पोरी, हितं मला भ्या वाटतंय." चार दिवसांनी पुन्हा आल्या, त्या विम्याचं बोलायला.

आबा बाजेवर बसून सुपारी कातरत होते. "नव्या कोऱ्या घराला कसला इमा? इमा म्हाताऱ्या घराला."

"नवं हाय म्हणून तर हप्ता कमी बसतोय, आबा. वायरिंग नवं, स्लॅब पक्का. पण डोंगर कुटं नवा हाय?"

आबांनी अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाले, उतरवायचाच असला तर चांगला घसघशीत उतरव, हायवेमुळे आमच्या जागेला काय भाव आलाय ठाऊक आहे का? ताई हसल्या. "जमीन जळत न्हाई आबा, नि पळूनबी जात न्हाई. घर पडलं तर परत बांधायला जे लागंल, तेवढ्याचाच इमा. जागेचा भाव घालून फुकट हप्ता कशापायी वाढवायचा?"

इथवर आबा खूश होते. मग ताईंनी विचारलं, वर पाहुणे ठेवणार का. मी हो म्हटलं. ताई म्हणाल्या, मग ते सांगायचं, आणि हप्ता वाढणार. राहत्या घराची जोखीम वेगळी आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची वेगळी. कुणी खोलीत शेगडी पेटवतं, कुणी गीझर चालू ठेवून फिरायला जातं. आबांचा एक पुतण्या तिथेच बसला होता. तो म्हणाला, "ताई, सगळे 'राहतं घर' एवढंच लिहितात. कोण बघायला येतंय?"

"आज कोण न्हाई येणार," ताई म्हणाल्या. "ज्या दिवशी पैसं मागशील, त्या दिवशी समदे येतील. खोट्यावर उतरवलेला इमा म्हंजे फाटकी छत्री. ऊन हाय तवर लय झ्याक दिसती."

आणि मग त्या मूळ मुद्द्यावर आल्या. मागचा कापलेला डोंगरही कंपनीला दाखवायचा म्हणाल्या. फोटो गेले, माणूस येऊन बघून गेला, आणि हप्ता अजून चढला. तो आकडा घेऊन ताई परत आल्या. दरड थोपवायला बांधलेल्या भिंतीचाही विमा घ्या म्हटल्यावर आबा कडाडले, "दगडाच्या भिंतीला इमा? उद्या उंबऱ्यालाबी घ्याल!" ती भिंत राहिली, बाकी घराचा विमा उतरला. पण ताईंचं खरं मागणं पुढेच होतं. "आबा, तुमची खाट पुढच्या खोलीत घ्या."

"का?"

"कंपनीला कुणाचा लळा नसतो. ती हप्ता वाढवती, म्हंजे तिला भ्या वाटतंय. जितं कंपनीला भ्या वाटतंय, तितं आपलं माणूस झोपवू नये. एवढंच शिकले मी ह्या धंद्यात."

आबा उभे राहिले. "माझ्या घरात येऊन माझ्या मरणाची भाषा? चल, नीघ हितनं!" ताईंनी पिशवी उचलली, बूट घातले आणि फाटकातून ओरडल्या, "जाते! पण खाट हलवा!"

मी त्याच संध्याकाळी नवऱ्याच्या मदतीनं खाट हलवली. आबांनी थयथयाट केला, दोन दिवस माझ्या हातचं जेवले नाहीत. मी म्हटलं, नका जेवू! उपाशी राहा, पण पुढच्या खोलीत राहा. त्या खोलीत मी कांदे-बटाटे नि जुन्या गाद्या भरल्या आणि कुलूप लावून किल्ली स्वयंपाकघरात डब्यामागे दडवली.

श्रावणातली दुपार होती. जेवणं झाली होती, आबा पुढे घोरत होते. मागून आधी खडी ओतल्यासारखा आवाज आला, मग सगळं घर हाललं. धावत गेलो तर खोलीच्या जागी लाल माती आणि तिच्यातून वर आलेलं एक करवंदीचं झुडूप. स्वयंपाकघराची अर्धी भिंत गेली होती. खाट जिथे असायची तिथे घमेलंभर नाही, डंपरभर माती होती.  आबा मागे येऊन उभे राहिले.

कंपनीचा माणूस नुकसान बघायला आला. त्यानं पाहुण्यांचं विचारलं, डोंगराचं विचारलं. सगळं आधीच सांगितलेलं होतं, त्यामुळे त्याला बोट ठेवायला जागा मिळाली नाही. खोली नि स्वयंपाकघर भरून मिळालं. दरडीच्या भिंतीचे पैसे आमच्याच खिशातून गेले.

आता तुम्हाला वाटेल, गावानं ताईंना डोक्यावर घेतलं असेल. कसलं काय! गाव म्हणालं, तिनंच बोलून आणलं. तिनं म्हटलं आणि वास्तूनं ऐकलं. लोकांनी ताईंना बोलावणं सोडलं, एकानं तर पत्रिका देऊन परत मागून घेतली. माझ्या अंगाची लाही लाही व्हायची. मी दळणाच्या गिरणीत भांडले, पाणवठ्यावर भांडले, नात्यात वाईट झाले. आणि आबा? आबाही गावाच्या सुरात सूर मिळवत राहिले. एकदा ताई आमच्याकडे आल्या, तेव्हा तोंडावर म्हणाले, "तुझ्याच जिभेनं घात केला."

ताई मुळीच चिडल्या नाहीत. "व्हय, मीच बोलले," त्या म्हणाल्या. "बोलले म्हणून तर तुमी हितं बसून मला शिव्या देताय. द्या, लय बरं वाटतंय ऐकायला."

त्यानंतरही त्या बदलल्या नाहीत. बोलावणं नसलं तरी नव्या घरापाशी स्कूटर थांबायची, आणि रस्त्यावरूनच हाळी यायची, "अहो, गॅस भाईर काढा!" धंदा निम्म्यावर आला तरी आवाज खाली आला नाही.

गेल्या थंडीत त्या गेल्या. शेवटचे काही महिने देहूरोडला लेकीकडे होत्या. निरोप आला तेव्हा आबा म्हणाले, माझे गुडघे दुखतात, मी येत नाही. त्या क्षणी मला त्यांचं तोंड बघवेना. आम्ही दोघं नवरा-बायको गेलो. सगळं उरकून लेकीच्या घरी बसलो होतो. आमच्या गावच्याही काही बायका आल्या होत्या. त्यांच्यातली एक तिथेही हळूच पुटपुटली, "बाई चांगली होती, पण जीभ वाईट."

तेवढ्यात दारात काठी वाजली. आबा! एकटेच लोकलनं आले होते, विचारत विचारत. कुणीतरी खुर्ची पुढे केली, ते बसले नाहीत. सरळ ताईंच्या लेकीसमोर गेले.

"पोरी, तुझ्या आयला मी घराभाईर काढली व्हती. लय वंगाळ बोललो. तरी ती गप बसली न्हाई." त्यांनी काठी भिंतीला टेकवली. "गप बसली असती, तर हार घातलेला फोटो माझा असता."

लेक रडू लागली. आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो हात तसाच ठेवून आमच्या गावच्या बायकांकडे वळले.

"हं, आता बोला. कुणाला काय बोलायचंय ते माझ्यासमोर बोला."