दुसऱ्याच्या नावावरची बंदूक

माझे जावई बंदूक बांधायला बसले ते कुठल्या शत्रूच्या भयाने नव्हे, आणि शिकारीच्या हौसेनेही नव्हे. कचेरीतल्या एका गोऱ्या सहकाऱ्याने जेवणाच्या सुट्टीत आपल्या रायफलीचे फोटो दाखवले, एवढेच कारण त्यांना पुरले. अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या ज्या वसाहतीत ते राहतात तिथे कचऱ्याचा डबा ठरल्या वेळेआधी रस्त्यावर ठेवला तर नोटीस येते. त्या नोटिशींना मी सविस्तर उत्तरे पाठवली आहेत, तो विषय वेगळा. त्याच वसाहतीतल्या त्यांच्या गराजात, गणपतीच्या मखराचे खोके आणि मुलीने जपून ठेवलेले भाजणीचे डबे यांच्या शेजारी, एका रायफलीची नळी येऊन पडली.

‘बांधणे’ हा शब्द मी त्यांच्या ‘बिल्ड’ला मान देण्यासाठी वापरतो आहे. घर बांधतात, पूल बांधतात, फार तर वाणी पुडी बांधतो. खोक्यांतून आलेले तयार भाग चित्र पाहून एकमेकांत बसवणे याला आमच्याकडे जुळवणे म्हणत, आणि ते काम पलंग विकणाऱ्याचा माणूस घरी येऊन करी.

मी हे तुच्छतेने लिहितो आहे, आणि ती तुच्छता मी नोकरीत कमावलेली आहे. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत मी अकरा वर्षे काढली. अर्जात लोक ‘जीवितास धोका’ असे लिहीत आणि धोका कोणाकडून असे विचारले की शेजाऱ्याच्या कुत्र्याचे वर्णन करीत. बंदूक हवी असणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना ती मिरवायची असते, हे मला त्यांच्या अर्जावरच्या ठसठशीत सहीवरून कळे.

जावयांचे एक मित्र दर शनिवारी सकाळी येत. मूळचे डोंबिवलीचे, आता अमेरिकेचे नागरिक. गराजात दोन घडीच्या खुर्च्या आणि मध्ये लॅपटॉप, अशी ही शस्त्रागाराची बैठक. बंदूक जुळवायची तर सर्वांत आधी बोअर, म्हणजे नळीच्या छिद्राचा व्यास, ठरवावा लागतो, कारण नळी, चौकट, काडतुसांची पेटी सगळे त्या एका आकड्यावर बेतलेले असते. हे दोघे त्या आकड्यावर सात शनिवार अडून बसले होते.

“दोन-तेवीस घे यार,” मित्र म्हणाले. “गोळ्या कुठेही मिळतात. खांद्याला धक्काही नाही.”

“सगळेच दोन-तेवीस घेतात. मला सिक्स-फाइव्ह पाहिजे. हजार यार्डांवर सरळ जाते.”

“तुझी शूटिंग रेंज शंभर यार्डांची आहे!”

“फ्यूचर-प्रूफ नको का?”

मी चहाचा कप खाली ठेवला. “जावईबापू, हजार यार्डांवर आपण काय मारणार?”

“कागद, बाबा. टार्गेट असतं.”

“कागदावर मीही सदतीस वर्षे काम केले. तो एवढ्या लांब पळत नाही.”

मित्र खुर्चीतून पडेपर्यंत हसले. जावई हसले नाहीत. त्यांच्या तक्त्यात वजन, धक्का, पल्ला, नळीची लांबी असे रकाने होते. ‘कशासाठी’ हा रकाना नव्हता. आमच्या छापील अर्जात तो पहिला असे. कशावर आणि किती अंतरावरून, हे ठरले की बोअर आपोआप ठरतो. यांनी साडेसहा मिलिमीटरचा बोअर आधी ठरवला आणि मग त्याला शोभेल असे अंतर शोधायला निघाले. ते अंतर त्या परगण्यात नव्हते. तरी नळी आली, दस्ता आला, चाप आला. सगळे टपालाने, नातीच्या चित्रकलेच्या सामानाबरोबर, एकाच ढिगात.

हे टपालाने कसे येते, असे मी विचारले. उत्तर मित्रांनी दिले, आणि ते मात्र नीट दिले. इथल्या कायद्याने नळी म्हणजे बंदूक नव्हे, चापही बंदूक नव्हे. ज्या चौकटीवर नंबर कोरलेला असतो तेवढीच बंदूक. तिला हे ‘लोअर’ म्हणतात. ती परवानाधारक दुकानातूनच घ्यायची, आणि तिथे फॉर्म भरायचा.

“मग आपण भरणार?” मी जावयांना विचारले.

त्यांनी उत्तर द्यायच्या आधी मित्र म्हणाले, “नाही हो काका, तो व्हिसावर आहे ना. फॉर्ममध्ये तसा प्रश्न आहे. लोअर आपण माझ्या नावावर घेऊ. नुसती फॉर्मॅलिटी.”

*नावावर.* हा शब्द मी फार वर्षांनी ऐकला, आणि तोही अशा देशात जिथे त्याला प्रतिशब्द नाही असे मला वाटत होते.

सोमवारी मुलीने मला ग्रंथालयात सोडले. तिथल्या बाईंनी मला कायद्याची पाने छापून दिली. मी ती दोनदा वाचली, दुपारी घरी येऊन पत्र लिहिले, आणि जावयांच्या कॉफीच्या कपाखाली ठेवले. मुलीच्या घरी राहणाऱ्या बापाने जावयाला तोंडावर काही सुनावू नये, हा संकेत मी पाळतो. पत्राला तो संकेत लागू नाही. पत्र असे होते:

“चि. जावईबापूंस अनेक उत्तम आशीर्वाद. विनंती विशेष. एक, तात्पुरत्या व्हिसावरील परदेशी व्यक्तीस, मोजके अपवाद सोडता, बंदूक अथवा काडतूस जवळ बाळगण्यास या देशाच्या कायद्याने मनाई आहे. दोन, खरा घेणारा एक आणि फॉर्मवर सही करणारा दुसरा, असे करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे; सबब आपले मित्रही बुडतील. तीन, मोजक्या अपवादांपैकी एक शिकारीचा परवाना हा आहे. तो या राज्यात वर्गाला बसून मिळतो. कायद्याने दार उघडे ठेवले असता आपण खिडकीतून का शिरता, हे मला उमगत नाही. चार, आपण ग्रीन कार्डाच्या रांगेत अकरा वर्षे उभे आहात. रांगेतून बाहेर काढले गेल्यास आपल्याबरोबर माझी मुलगी व नात याही बाहेर पडतील. कळावे.”

नातीने ते कपाखाली पाहिले आणि आईला हाक मारून सांगितले, “मॉम, आजोबा इज राइटिंग अगेन.”

संध्याकाळी मुलगी माझ्या खोलीत आली. “बाबा, एकाच घरात राहून पत्रं काय लिहिता? बोला ना त्याच्याशी.”

“बोलणे नाकारता येते. पत्राची पोच असते.”

“तो म्हणतो तुम्ही त्याला आरोपी केलंत.”

“अजून नाही. म्हणून तर लिहिले.”

जेवताना जावयांनी पोच दिली. आवाज चढला नाही. त्यांनी पोळीचा तुकडा मोडला आणि विचारले, “शिकारीच्या वर्गाला मी? बाबा, मी कोंबडी कापलेली बघू शकत नाही. आणि एक विचारू? तुमची भोरची दोन एकर कुणाच्या नावावर आहे?”

मुलीने ताटातून मान वर केली नाही. तिने सांगितल्याशिवाय त्यांना ते कळण्याची सोय नव्हती.

आता हे इथे लिहिलेच पाहिजे, कारण मी इतरांविषयी ज्या कठोरपणे लिहितो त्यात स्वतःला सूट घेणे अप्रामाणिकपणाचे होईल. आमच्या राज्यात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही. मी शेतकरी नव्हतो. महसूल खात्यात होतो, म्हणजे हा नियम दुसऱ्यांना समजावून सांगण्याचा पगार घेत होतो. माझा मेहुणा शेतकरी होता. जमीन त्याच्या नावावर घेतली. पत्नी हयात होती तोवर दर दिवाळीला त्या जमिनीतला आंबेमोहोर घरी येई. ती गेली, तांदूळ थांबला, आणि मेहुणा गावात सांगू लागला की जमीन त्याचीच. सातबाऱ्यावर नाव त्याचेच असल्याने तो खोटेही बोलत नव्हता. त्यानंतर मी तलाठ्याला, तहसीलदाराला, प्रांताला जी पत्रे लिहिली त्यांच्या स्थळप्रतींच्या दोन फायली माझ्या सामानातून मॉरिसव्हिललाही आल्या होत्या.

मी हात धुऊन उठलो. त्या आठवड्यात आम्ही एकमेकांकडे फक्त मीठ मागितले.

शनिवारी ते दुकानात जायला निघाले तेव्हा मी बूट घालून दारात उभा होतो. “मलाही यायचे आहे.”

“या की काका,” मित्र म्हणाले. “तुम्ही बॉस. पण आत येऊन कायदा नका शिकवू हं.”

दुकान एका रांगेत होते. एका बाजूला कपडे धुण्याचे दुकान, दुसऱ्या बाजूला दाताचा डॉक्टर. मित्र एकटेच आत गेले. जावयांनी गाडीतच थांबायचे, असे त्यांचे ठरले होते. काउंटरवर दोघे दिसले तर प्रश्न निघतील. म्हणजे ज्याची वस्तू तो बाहेर, आणि ज्याची नव्हे तो आत सही करणार. मी मागच्या सीटवर बसून काचेतून त्या दारावरची गंज आलेली घंटी पाहत होतो, आणि मला दुय्यम निबंधकाच्या कचेरीसमोरचे चहाचे दुकान आठवले.

“जावईबापू,” मी म्हणालो, “खरेदीखताच्या दिवशी मी असाच बाहेर बसलो होतो.”

ते वळले नाहीत. आरशात त्यांचे डोळे दिसले.

“मेहुणा आत अंगठा देत होता. मी चहा घेत होतो. बाहेर आला तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिले, आणि मला तेव्हाच कळले की आता त्याला मी नको आहे. त्याचे काही चुकले नाही. मी त्याला माझ्या जमिनीचा मालक केले, तो झाला. आत जे गृहस्थ आहेत ते भले आहेत. मेहुणाही भला होता.”

“बाबा, दोन एकर आणि एक लोअर यात फरक आहे.”

“आहे. माझी जमीन गेली. तुमचे घर जाईल.”

त्यांनी काचेतून दुकानाच्या दाराकडे पाहिले. मग वळले. “ठीक आहे. तुम्ही ती पत्रं थांबवा. तलाठ्याला, प्रांताला, मामांना. एकही नाही. मी हे थांबवतो.”

मला राग आला. त्यांचा गुन्हा अजून घडायचा होता, तो न करण्याची किंमत मी का द्यायची? माझी बाजू न्यायाची होती. निदान माझा पैसा खरा होता, माझा तांदूळ खरा होता. हे सर्व मी मुद्देसूद मांडू शकलो असतो, आणि तेवढ्या वेळात आतला फॉर्म भरून झाला असता.

“लिहून देतो,” मी म्हणालो.

“लिहूनच द्या. तुमचं बोललेलं तुम्हीच मानत नाही.”

खिशात विमान कंपनीला लिहिलेल्या तक्रारीचे पाकीट होते. त्याच्या पाठीवर मी लिहिले: “भोर येथील दोन एकर जमिनीविषयी मी यापुढे कोणत्याही कचेरीस अथवा व्यक्तीस लिहिणार नाही. सदर जमीन ज्याच्या नावावर आहे त्याची आहे.” दुसरे वाक्य त्यांनी मागितले नव्हते. ते लिहिताना पेन दोनदा अडले, ते थंडीने असे मी त्या वेळी म्हणालो.

त्यांनी पाकीट घेतले, ओळ न ओळ वाचली, आणि परत माझ्या हातात दिले.

“सही राहिली, बाबा.”

मी सही केली. साधी, शाखेत टिपणीवर करायचो तशी.

जावयांनी फोन लावला. तो गाडीच्या स्पीकरवर लागला.

“साइन केलंस?”

“अरे कुठलं,” मित्रांचा आवाज आला. “नावातच अडकलोय. मिडल नेम पूर्ण पाहिजे म्हणतोय हा. वडिलांचं नाव आहे यार माझं, स्पेलिंग प्रत्येक कागदावर वेगळं. ह्या फॉर्मवर कुठलं घालू?”

“कुठलंच घालू नकोस,” जावई म्हणाले. “बाहेर ये.”

बाहेर येऊन गाडीत बसताना मित्रांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिले. “काय झालं? काकांनी पुन्हा पत्र लिहिलं का?”

“हो,” जावई म्हणाले. “शेवटचं.”

साडेसहाची ती नळी अजून मखराच्या खोक्यावर पडून आहे. शिकारीच्या वर्गाचा कागद जावयांनी फ्रिजवर लावला आहे. त्यात कोंबडी नसते एवढी त्यांनी फोन करून खात्री केली. वर्ग झाला, परवाना मिळाला, तर चौकट त्यांच्या स्वतःच्या नावावर येईल आणि हजार यार्डांची गोळी शंभर यार्डांवरच्या कागदात शिरेल. या उद्योगाविषयी माझे मत तसूभरही बदललेले नाही. तसे मी त्यांना लिहिणार होतो, पण भोरच्या दोन फायली आधी कागदांच्या कचऱ्यात टाकायच्या होत्या, आणि तो डबा संध्याकाळी सहाच्या आधी बाहेर ठेवता येत नाही.