खंडेनवमीला बंद केलेलं मशीन

शिरूरजवळच्या एका कंपनीत मी टेम्पररी होतो. कॉम्प्युटर आणि नेटवर्क माझ्याकडं. त्या दसऱ्याला नेहमीसारखा आईला घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर गेलो. परत कामावर आलो तर साहेब तोंड फिरवून बसलेले. कंपनीची वेबसाइट बाहेर उघडत होती, पण गोडाऊनमध्ये माल किती शिल्लक आहे ते पान कोरं. व्यापाऱ्यांचे फोनवर फोन.

"नागपूरला जायची घाई. मशीन तसंच टाकून गेलात," साहेब म्हणाले. "आज चालू झालं नाही तर परमनंटचं विसरा."

डोक्यात सणक गेली. पण गरज माझी होती, गिळून घेतलं.

वेबसाइट ज्या मशीनवर चालायची, त्या वेब सर्व्हरसमोर बसलो. त्याला बाहेरचं सगळं दिसत होतं, आणि शेजारच्या खोलीतला मालाचा हिशेब ठेवणारा कॉम्प्युटर दिसत नव्हता. केबल बदलून पाहिली, फरक नाही. रूट तपासले तर आतल्या नेटवर्ककडं जायची वाटच गायब. बाहेरची तेवढी राहिलेली. म्हणजे हा बाबा आपल्याच ऑफिसची चौकशी बाहेर जाऊन करत होता.

मग मशीनच्या बटणावरचं हळदीकुंकू दिसलं. इलेक्ट्रिशियन मामांना विचारलं, "मामा, हे बंद केलं होतं का?"

"मग? खंडेनवमीची पूजा चालू मशीनची करत्यात व्हय? लेथ, कंप्रेसर समदं बंद केलं, तसं हेबी."

त्यांचं तरी काय चुकलं? ती वाट मशीन बसवायला आलेल्या पुण्याच्या इंजिनिअरनं हातानं टाकली होती, सेव्ह केली नव्हती. बंद केल्यावर मशीन ती विसरलं. मी पुन्हा टाकली, सेव्ह केली, साहेबांसमोर बंद करून चालू केलं. पान भरलं.

"आता कितीही वेळा बंद करा, काही होणार नाही," मी म्हणालो.

"तरी माणूस जवळ पाहिजे. पुढच्या खंडेनवमीला थांबणार असाल तर परमनंटची ऑर्डर काढतो."

मी हो म्हणालो. त्या 'हो'चा राग अजून जात नाही.

पुढच्या वर्षी आईला वस्तीतल्या बायकांबरोबर दौंडला नागपूरच्या गाडीत बसवलं. "जा बाबा, तुझ्या मशीनची पूजा ऱ्हाईल," ती खिडकीतून म्हणाली. हसतच म्हणाली.

कंपनीत नारळ फुटला. मामांनी मशीन बंद केलं, चालू केलं, पान जसंच्या तसं उघडलं. माझं तिथं काहीच काम नव्हतं.

त्याच्या पुढचा दसरा आईनं पाहिला नाही.