कानातली घालून दवाखान्यात

सिंगापूरमधल्या हौगांग भागातल्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघी राहायचो, मी पुण्याची आणि ती नायजेरियाची, सव्विशीतली. तिला सिकलसेलचा आजार होता, जन्मापासूनचा. मधूनच हाडं अशी ठणकायची की चहाचा कपसुद्धा धरवायचा नाही. "दुखतंय का गं?" विचारलं की ठरलेलं उत्तर, "मी बरी आहे." मला भयंकर राग यायचा. आमच्याकडे साधी सर्दी झाली तरी अख्ख्या सोसायटीला कळतं, आणि ही बया भिंत धरधरून बाथरूमला जायची!

एकदा वेण्या घालता घालता तिनं मला समजावलं. "आजार काही जाणार नाही. मग बरं असणं म्हणजे काय? वेण्या नीट, अंथरूण आवरलेलं, आणि शनिवारी दुपारी आईचा व्हिडिओ कॉल आला की तिला काही कळता कामा नये. एवढं जमलं की मी बरी."

"याला आम्ही दुखणं अंगावर काढणं म्हणतो," मी फणकारले. ती हसून पुढची वेणी घालायला लागली.

एका शनिवारी सकाळी तिनं स्वतःहून दवाखान्यात जायला टॅक्सी बोलवायला सांगितलं. मी हादरलेच. पण निघण्याआधी तिला निळा ड्रेस हवा, लिपस्टिक हवी, मोठी कानातली हवीत.

"अगं, लग्नाला निघालीस का?"

"गबाळी गेले तर दुखण्यावरचं इंजेक्शन नशेसाठी मागतेय असं वाटतं डॉक्टरांना. दुसऱ्या देशात झालंय माझ्याबाबतीत."

मी तिला कानातली घातली.

डॉक्टरनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. दहापैकी किती दुखतंय? "नऊ," ती म्हणाली, बसचा नंबर सांगावा तशी. त्यानं दोन साध्या गोळ्या दिल्या आणि बाहेर थांबायला सांगितलं.

दुपार झाली. तिची नखं माझ्या मनगटात रुतत होती. "रड की गं थोडी! निदान कण्ह तरी!"

"मला नाही येत तसं."

मी काउंटरवर दोनदा अगदी गोड इंग्रजीत विनवून आले. तिसऱ्यांदा माझा बांध फुटला. "अहो, मरतेय ती तिकडे!" मी चक्क मराठीत ओरडले आणि ढसाढसा रडायला लागले. एक नर्स धावत व्हीलचेअर घेऊन आली आणि तिनं मलाच तीत बसवलं. कुठं दुखतंय, विचारायला लागली.

हुंदक्यांनी मला शब्द फुटेना. मी मैत्रिणीकडे बोट दाखवलं. नर्सनं वळून पाहिलं, नेमका तेव्हाच त्या बयेचा फोन वाजला. शनिवार दुपार. ती ताठ बसली, ओठांवरून जीभ फिरवली, फोन चेहऱ्यासमोर धरला आणि छान हसली.

"मी बरी आहे, आई."

नर्स परत माझ्याकडे वळली आणि माझी नाडी बघायला लागली.