मारुतीच्या आवृत्तीची बेरीज

शिरगावची वत्सला बोईसरच्या एका रसायन कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायची. ब्याण्णव-त्र्याण्णवचा सुमार. रसायनं शिजवायची टाकी, म्हणजे रिअ‍ॅक्टर चालवणारे प्रोग्रॅम माकुणसारचा मारुती लिहायचा आणि त्यांच्या नव्याजुन्या सगळ्या आवृत्त्या वत्सलाच्या कॉम्प्युटरवर जपलेल्या असायच्या. जपणारा प्रोग्रॅम तिनंच केलेला, आणि तिच्याइतकाच संशयी. आवृत्ती आत ठेवताना तो तिच्यातल्या सगळ्या अक्षर-आकड्यांची बेरीज करून ठेवायचा, रोज सकाळी आणि बाहेर काढताना पुन्हा करायचा. जुळली नाही की आवृत्ती अडवून धरायचा. वत्सलाची आई सुके बोंबील पाटीत भरताना दाबून बघायची आणि बाजारात पाटी उघडल्यावर पुन्हा दाबायची, त्यातलाच प्रकार.

एके दिवशी रिअ‍ॅक्टरचा व्हॉल्व्ह वेळेआधी उघडला. जवळ उभे असलेले मारुती आणि मासवणचा भिका, दोघंही भाजून मेले. चौकशीत कारखान्याच्या साहेबांनी मारुतीच्या शेवटच्या आवृत्तीचा कागद पुढे ठेवला: रिअ‍ॅक्टर थंड व्हायला वीसच मिनिटं दिलेली. भिकाला मारुतीनं मारलं, असं ठरलं. मेलेल्याला कोण विचारतो?

त्यानंतर रोज सकाळी वत्सलानं कॉम्प्युटर लावला की पडद्यावर मारुतीचं नाव यायचं आणि खाली एकच ओळ: ही आवृत्ती ठेवली तशी राहिलेली नाही. खोलीतले म्हणायचे, मारुती आला बघ. वत्सलाला हसू येत नसे. ती ओळ तिच्याबरोबर घरी यायची, जेवायला बसायची. माणूस गेला तरी त्याचं म्हणणं संपलं नव्हतं, आणि ते ऐकणारी ती एकटीच होती.

साहेब वैतागले. "जुनी बेरीज काढून नवी टाक. ओरड बंद झाली पाहिजे."

वत्सलाला आठवलं, चाळीस मिनिटांच्या खाली यायचं नाही म्हणून मारुती याच साहेबांशी भांडला होता. तिनं विसाच्या जागी चाळीस घालून पाहिले. बेरीज जुळली. पडद्यावरची ओळ गेली.

माल लवकर निघावा म्हणून साहेबांनी चालू प्रोग्रॅममध्ये परस्पर वीस करवले होते, आणि अपघातानंतर मारुतीच्या जपलेल्या आवृत्तीतही तेच घुसवले होते. कागदावर खाडाखोड करावी तितक्या सहज. आत बेरीज बसली आहे, हे तेव्हा त्यांच्या गावीही नव्हतं.

"साहेब, हा चाळिसालाच गप्प बसतो," ती म्हणाली.

साहेबांनी दार लोटून घेतलं. "मग वीस लिही आणि बेरीज बदल. नोकरी हवी आहे ना?"

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं असतात, हे तिनं ऐकलं होतं. त्यांच्यापुढे वाटी धरणारी आपण असू, असं तिला कधी वाटलं नव्हतं. तिनं वीस लिहिले. बेरीज बदलली. सगळं ठीक, असं प्रोग्रॅमनं सांगितलं.

आठवड्यानं मारुतीची बायको इंदुबाई कारखान्याच्या गेटवर आली. "वत्सला, तू त्या मशीनवर असतेस. खरं सांग, ह्यांच्याच हातून झालं काय?"

"मशीन तरी तसंच सांगतं, वहिनी."

इंदुबाई पदर खांद्यावर घेत म्हणाली, "मंग मासवणची गाडी कुठं लागते ते दाखव. भिकाच्या बायकोच्या पाया पडून येते. आमच्या मानसानं तिचा मानूस घेतला, माफी तरी मागाया नको?"

वत्सलानं तिला गाडी दाखवली.