सातवीण

पेणच्या कचेरीत मी नवा लेखनिक होतो आणि माझ्याबरोबरचे ते एक जुने कर्मचारी, झाडं मोजणारे. रोह्याचा रस्ता रुंद करायचा होता. ते प्रत्येक खोडावर तळवा ठेवून सावकाश नाव सांगत आणि मी वहीत लिहीत असे. नाव ठाऊक नसेल, तर जवळच्या घरी विचारल्याशिवाय ते पुढे सरकत नसत. मला त्याचा वैताग यायचा.

नागोठण्यापुढच्या एका वळणावर साहेब जीपमधून उतरले. "हे झाड ‘किरकोळ’ म्हणून लिहा. नाव आलं की परवानगी लागेल. उद्या पाडायचंय."

मी ‘कि’ लिहिलं.

"सातवीण," ते तळवा न काढता म्हणाले. "एका पेराला सात पानं असतात, म्हणून सातवीण."

समोरच्या अंगणातली म्हातारी म्हणाली, "पानांचं नाय दादा. वीण म्हंजे बाळंतपण. हिच्या सालीचा रस बाळंतिणीला देतात. मला सातही वेळेला दिलाय."

ते म्हातारीकडे वळले. "आजी, तुमचंच खरं असेल. मग तर नाव लिहायलाच हवं."

"निवृत्तीला किती राहिलंय तुमच्या?" साहेबांनी हळूच विचारलं.

"दोन वर्षं," ते म्हणाले. त्यांनी माझ्या हातून वही घेतली, ‘कि’ खोडलं, ‘सातवीण’ लिहिलं आणि खाली सही केली.

झाड राहिलं. पुढच्या आठवड्यात त्यांची लांब बदली झाली. त्यांना एसटीवर सोडायला कचेरीतून कुणी गेलं नाही. मीही गेलो नाही.